लायब्ररीतले नवीन ऑनलाइन कोश घरून उघडत नाहीत, काय करू?

रावपुऱ्याची: नमस्कार मंडळी, मी बडोद्यातच एमए हिस्ट्री करतेय. प्रबंध आहे संस्थानातल्या फिरत्या वाचनालयांवर, म्हणजे १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणलं आणि मग लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायला लागली ते सगळं. आता लायब्ररीत नोटिस लागलीय की नवीन ऑनलाइन रेफरन्स टायटल्स आलीयत, एनसायक्लोपीडिया, डिक्शनऱ्या वगैरे. कॅम्पसच्या वायफायवर धडाधड उघडतात, घरी आले की तेच पान पैसे मागतं! मैत्रीण म्हणते, आता सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय ने, सगळं फुकट. मग मलाच का अडवतात? शिवाय त्यात 'सुबा', 'वहिवाटदार' असले शब्द मिळतील का? सर म्हणालेत, गूगलवरचं काहीबाही फुटनोटमध्ये दिसलं तर चॅप्टर परत.

जुना_ग्रंथपाल: बेटा, मैत्रिणीचा घोळ झालाय. ती योजना जर्नल्सची, १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, ३० प्रकाशकांची मिळून १३ हजारांच्या आसपास जर्नल्स, आणि कारभार आपल्या शेजारच्या गांधीनगरातल्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या केंद्राकडे. एनसायक्लोपीडिया त्यात शोधू नकोस, ते लायब्ररीला वेगळे घ्यावे लागतात. आणि घरून उघडत नाही कारण ती साइट तुला ओळखतच नाही, कॅम्पसचा आयपी ॲड्रेस, म्हणजे तिथल्या इंटरनेटचा नंबर, ओळखते. घरून वापरायला रिमोट लॉगिन लागतं, ते कोणाकोणाला देतात आणि कुठली टायटल्स त्यातून चालतात हे सरळ काउंटरवर जाऊन विचार. लाजू नकोस, आम्ही दिवसभर वाट बघत बसायचो कोणीतरी हे विचारील म्हणून, लोक विचारायचे पंखा कुठल्या बटणाने लागतो.

हॉस्टेल_नंबर_नाही_सांगणार: काकांच्या उत्तरात एक जोड, नोटिशीत 'ट्रायल' शब्द आहे का बघ. ट्रायल म्हणजे प्रकाशक थोडे दिवस चाखायला देतो, नंतर दार बंद. मी मागे सगळ्या लिंका बुकमार्क करून निवांत बसलो, लिहायला घेतलं तेव्हा एकही उघडेना, सबमिशनला आठवडा राहिलेला 🙈 तेव्हा नोंद दिसली की तिथल्या तिथे नोंदीचं नाव, लेखकाचं नाव (मोठ्या कोशांत बऱ्याचदा नोंदीखाली असतं), डीओआय (नोंदीचा कायमचा ऑनलाइन नंबर) असेल तर तो आणि तू पाहिलं ती तारीख उतरवून घे. ऑनलाइन नोंदी मागाहून बदलतात म्हणून तारीख. आणि काम झालं की लॉगआउट कर गं, काही ठिकाणी एका वेळी ठराविक जणांनाच आत घेतात.

दांडियाबझारकर: ताई, तुमच्या शब्दांसाठी ते महागडे इंग्रजी कोश कशाला? दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. पण फसू नका हं. वहिवाटदार म्हणजे शब्दकोशाच्या हिशेबाने नुसता कारभार पाहणारा, आपल्या संस्थानात मात्र तो महालाचा, म्हणजे तालुक्याचा अधिकारी, पलीकडच्या इंग्रजी मुलखात मामलेदार असायचा तसा. सुबा त्याच्या वरचा, प्रांताचा. हा फरक संस्थानाच्या छापील वार्षिक अहवालांतच कळतो. कोश उघडा, पण पाय सेंट्रल लायब्ररीकडेही वळू द्या. तुमचा विषयच तिथून निघालाय, आणि वरच्या मजल्याची काचेची जमीन बघायला तरी जाच.

रावपुऱ्याची: बाप रे, मी वहिवाटदाराचं 'मॅनेजर' करून अख्खं पान लिहिलंय 😭 नोटिस परत वाचली, खाली बारीक अक्षरात ट्रायलच आहे, तारीख पुढच्या शुक्रवारची. काका, काउंटर शनिवारी दुपारनंतर उघडं असतं का?

जुना_ग्रंथपाल: माझ्या वेळी असायचं. फोन करून जा.