मदत हवी आहे : मानमोडीच्या वर्षी सुरतेकडे गेलेल्या चुलत पणजोबांचं घराणं शोधायचंय

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितेय. आमचं गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यात, नरडाणा स्टेशनपासून जवळ. मी नोकरीसाठी नाशिकला असते. माणसांची नावं इथं उघड टाकत नाही, ज्यांना मदत करायचीय त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. खान्देशातल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, की रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. नंतर ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आमच्याकडे हे काम मोठी मायच करते (माझी आजी, वय ८८). डोळ्याने आता कमी दिसतं तरी मूठ तिचीच. गेल्या वर्षी मी शेजारी बसून नावं मोजत होते तर पुरुष भरले सतरा आणि मुठी झाल्या अठरा. मला वाटलं माझंच चुकलं. विचारलं तर म्हणाली, "हाई त्यानी मूठ शे. तो मरना आसा निरोप काही उना नही." (ही त्याची मूठ आहे. तो मेला असा निरोप काही आला नाही.)

तो म्हणजे माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, दोघांचे आईवडील आठवड्याच्या आत गेले, त्यानंतर धाकटा नरडाण्याहून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या गाडीत बसला आणि सुरतेकडे गेला तो परत आलाच नाही. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. मोठ्या मायला हे तिच्या सासूने सांगितलेलं, आणि मूठ सुद्धा सासूनेच हातात दिली. म्हणजे शंभर वर्षांच्या वर ही मूठ चालूय आणि मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळतंय!

तेव्हापासून मागे लागलेय. काय काय केलं ते सांगते म्हणजे तेच परत कोणी सुचवणार नाही.

आधी सातबारा आणि जुने फेरफार. आपले अभिलेख पोर्टलवर धुळ्याचं बरंच स्कॅन केलेलं आहे, त्यातून काही मिळालं. पणजोबांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत दोन्ही भाऊ आहेत, आणि पुढे मोठ्याच्या नावापुढे ए.कु.मॅ. लागलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्याच्यानंतरच्या एका फेरफारात धाकट्याचं नाव गायब. कारण लिहिलंय ती ओळ कसरीने खाल्लीय.

मग तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून गाव नमुना १४ ची नक्कल काढली, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. चार चकरा झाल्या, तीनदा साहेब जागेवर नाहीत म्हणून परत पाठवलं. मिळाली ती मोडी लिपीत. १९१८ सालच्या त्या पानावर खालपर्यंत एकाखाली एक मयत, आणि कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. मोडी न येणाऱ्या माणसालाही तो एकच शब्द पानभर ओळखू येतो. त्यात आमचे दोघे आहेत. नावापुढे आडनाव नाहीच, अमुक वलद (म्हणजे मुलगा) तमुक. खापरपणजीच्या नावापुढे कोम लावून नवऱ्याचं नाव. तिचं स्वतःचं नाव मला ह्या कागदावरून पहिल्यांदा कळलं, घरात कोणालाच माहीत नव्हतं, मोठ्या मायलाही नाही. मुठीत बायांची नावं येत नाहीत ना. आता मी वंशावळीत सुनांची आणि लेकींची नावं सुद्धा माहेरच्या गावासकट लिहितेय, आणि माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यांनीच तशी लिहावी.

आता महत्त्वाचं. फेब्रुवारीत नारायण नागबळीसाठी त्र्यंबकला गेलो होतो. तिथले आमच्या गावाचे तीर्थोपाध्याय आहेत त्यांनी गाव आणि कूळ विचारलं आणि लांबट वही काढली. आजोबांची सही, त्याच्या आधी पणजोबांचा अंगठा, हे अपेक्षित होतं. त्यांनी दोन पानं मागे उलटली आणि वाचायला लागले, आणि ते नाव धाकट्याचं! शके १८६०. त्यात ७८ मिळवले की १९३८. स्वतः आलेला, वडिलांचं नाव बरोबर, मूळ गाव आमचंच, मुक्काम सुरत आणि खाली दोन मुलांची नावं. म्हणजे गेल्यानंतर वीस वर्षांनी तो जिवंत होता, लग्न झालेलं होतं, आईबापाचं करायला त्र्यंबकपर्यंत आला होता आणि तिथून गावी मात्र आला नाही.

फोटो काढू दिला गुरुजींनी. सुरतच्या पुढे दोन अक्षरं आहेत ती कोणालाच लागत नाहीयेत, लाद की लाड.

तर मदत अशी हवीय की सुरतेत १९३८ च्या सुमारास राहणाऱ्या माणसाचा माग कसा काढायचा? १९६० पर्यंत मुंबई राज्य एकच होतं पण सुरतचे कागद गुजरातीत असणार, मला गुजराती वाचता येत नाही. आणि आडनाव त्यांनी काय लावलं असेल ते पण माहीत नाही, इकडे आम्ही सगळे पाटील लावतो. मोठी माय आहे तोवर सापडले तर बरं होईल.

मोडीवाचक
ताई, पानाचा नुसता फोटो नको, अक्षराचा जवळून घेतलेला आणि त्याच पानावरच्या दुसऱ्या नोंदींचा पण पाठवा, लिहिणाऱ्याचा हात कळला की अक्षर लागतं. एकट्या शब्दावर मोडी वाचू नये. फेरफाराची खाल्लेली ओळ असेल तर तिचा पण. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन या, मोडी वाचणारं माणूस तिथं विचारल्यावर कळेल.

तापीकाठ
कुलदैवत कोणतं तुमचं? माणूस आडनाव बदलतो, गाव बदलतो, पण पोराचं जाऊळ द्यायला कुलदेवीलाच येतो. सुरतच्या उधना लिंबायतला इतके खान्देशी आहेत की तिथं पण कानबाई बसते, वाजतगाजत विसर्जन होतं. तिथल्या मंडळात कुलदैवत आणि मूळ गाव सांगून विचारा, आडनावाने विचारू नका, पाटील म्हटलं की शंभर जण उभे राहतील.

शेतकरीपुत्र
एक काळजीचं सांगतो, राग मानू नका. नाव कमी झालेला फेरफार आहे म्हणता, मग तुमच्या घरचे काय म्हणतात? जुना हिस्सेदार सापडला की जमिनीचा विषय निघतोच. आमच्या चुलत घरात ह्याच्यावरून बोलणं बंद झालं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार.

शेतकरीपुत्र, राग कशाला, बरोबर विचारलंत. आमच्या काकांनी हेच सांगितलं, कशाला उकरतेस, उद्या हिस्सा मागायला येतील. मी त्यांना म्हटलं की पंधरा वर्षांचं पोर घरातून गेलं आणि त्याचं नाव कागदावरून कमी केलं, ते कोणी आणि का केलं हे आपल्यालाच माहीत असायला हवं. वकिलाला विचारून ठेवणार आहे. पण त्या भीतीने शोधणं थांबवणार नाही.

तापीकाठ, आमची पाटणची आशापुरी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देवळात वर्गणीच्या पावत्यांवर गावाचं नाव असतं का ते विचारून येते.

मोडीवाचक, तुम्हाला काल पाठवलेल्या फोटोवर तुम्ही व्यनित जे लिहिलंत ते इथं टाकते, बाकीच्यांना उपयोग होईल. ते लाड नाही, लाद असंच आहे आणि मधे तुटक रेघ आहे, म्हणजे दोन शब्दांची पहिली अक्षरं असावीत. सुरतच्या एका मैत्रिणीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, लाल दरवाजा. स्टेशनच्या बाजूलाच आहे म्हणे. गाडीतून उतरलेला पोरगा तिथंच राहिला असेल तर पटण्यासारखं आहे. आता त्या भागातल्या जुन्या शाळांचं जनरल रजिस्टर बघायचंय, दोन मुलं १९४० च्या आगेमागे शाळेत असणार. गुजराती वाचणारं कोणी सुरतेत असेल तर कृपया कळवा, येण्याजाण्याचा खर्च मी करेन.

आणि मोठ्या मायला काल फोनवर सांगितलं, की तुझी मूठ खरी होती, तो होता, दोन पोरं पण होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग त्याना पोरेस्न्या बी मुठी काढा यंदा."

वीस होतील.