निधी बांधायला मिळतो, सांभाळायला नाही

केंद्राचा निधी आला की पुण्यातल्या फुटपाथ आणि सायकल ट्रॅकचा नवा प्रस्ताव मार्गी लागेल, असं कुणीतरी म्हटलंय. त्यात थोडी भर. पुण्याला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेतून पूर्वी असा निधी मिळाला होता: केंद्र ५० टक्के, राज्य २०, महापालिका ३०. बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गाच्या) कडेने सायकल ट्रॅक झालेही. पण कुठे मधोमध विजेच्या डीपीचा बॉक्स, कुठे उखडलेले ब्लॉक, आणि चौक आला की ट्रॅकच गायब! (नेमकी सायकलवाल्याला गरज असते तिथे.) डागडुजी, पार्किंग हटवणं हे सगळं पुन्हा महापालिकेच्याच गळ्यात. त्यामानाने जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ बरा. लोक खरंच चालतात, बसतात. त्यामुळे नव्या प्रस्तावात किलोमीटर कमी असले तरी चालतील, चौकांचं डिझाइन आणि देखभालीची तरतूद आधी दाखवा म्हणावं.