हस्तलिखितं 5,800, म्हणून शुभवर्तमानं खरी?

बर्डीवाला
गेल्या आठवड्यात इथे एकानं लिहिलं की नव्या कराराची (बायबलचा दुसरा भाग; मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं त्यातच) ग्रीक हस्तलिखितं 5,800 आहेत आणि रोमन सेनापती सीझरच्या ग्रंथाची मोजकीच. सीझर मानता, मग येशूचं पुनरुत्थान (मेल्यावर पुन्हा उठणं) मानायला काय हरकत? खाली ‘आमेन’ची रांग. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

या 5,800 मध्ये बोटभर चिटोरंही एक आणि अख्खा ग्रंथही एकच धरलाय. बहुतेक प्रती नवव्या शतकानंतरच्या. एका प्रतीवरून शंभर नकला उतरवल्या तर साक्षीदार शंभर होत नाहीत, एकच राहतो. ज्याचा सगळ्यात जास्त डंका पिटतात तो मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयातला योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा साधारण 9 बाय 6 सेंटिमीटरचा. दोन्ही बाजूंना 18व्या अध्यायातल्या काही ओळी, बस. ‘इ.स. 125’ हे साल त्यावर लिहिलेलं नाही. अक्षराच्या वळणावरून काढलेला अंदाज आहे तो, आणि काही अभ्यासक तो 200 पर्यंत नेतात.

आणि समजा सगळ्या प्रती जुळल्या. त्यातून कळतं ते लेखकानं काय लिहिलं एवढंच. लिहिलं ते घडलं का, हा खटला निराळा.

मुक्काम सदर
मूळ पोस्ट बावळट होती, मान्य. पण तुम्ही आकडा उडवताना त्याचा उपयोगही उडवलात. प्रती जास्त म्हणजे चुका जास्त, आणि चुका पकडायची सोयही जास्त. मार्क 16:9-20 नंतर जोडलंय हे आपल्याला कळलं कशावरून? चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रती 8व्या वचनावर थांबतात म्हणून. योहान 5:4 मधला पाणी हलवणारा देवदूत जुन्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रतींत) नाही. समासातली टीप पुढच्या लेखनिकानं मजकुरात ओढली असं दिसतं. पाठभेद (प्रतीप्रतींतले शब्दांचे फरक) चार-पाच लाख आहेत हे ऐकून लोक दचकतात. त्यातले बहुतेक आपल्या ‘आणि-आणी’ छापाचे, नाहीतर शब्दांची अदलाबदल.

तारखांचं म्हणाल तर डेल्फीच्या शिलालेखावरून गल्लियो या रोमन सुभेदाराचा अंमल 51-52 च्या सुमाराचा ठरतो. प्रेषितांची कृत्ये 18:12 मध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल त्याच्याच पुढे उभा आहे. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांचं, आणि त्याच्या 15व्या अध्यायात पौल सांगतो की ‘मला जे मिळालं ते मी तुम्हाला दिलं’. म्हणजे ‘ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला’ हे सूत्र पत्राहूनही जुनं. क्रूसानंतर पंचवीस वर्षांच्या आतलं. याला दंतकथा म्हणणं सोपं नाही.

तर्रीबाज
काहून एवढं डोकं लावून राहिले भाऊ? 325 साली निकायाच्या धर्मपरिषदेत मतदान करून कोणती पुस्तकं ठेवायची अन् कोणती जाळायची ते ठरवलं. विषय संपला.

मुक्काम सदर
@तर्रीबाज, निकायाचे वीस नियम आहेत. वाचा. त्यात कोणती पुस्तकं शास्त्र मानायची यावर एकही नाही. भांडण होतं एरियस या धर्मगुरूचं, पुत्र (येशू) पित्याच्याच (देवाच्याच) तत्त्वाचा की निर्माण केलेला, यावर. आज आहेत तीच 27 पुस्तकं पहिल्यांदा नेमकी मोजली ती बिशप अथनेशियसनं, 367 च्या पत्रात. पोह्यावर तर्री ओतावी तशी माहिती ओतू नका.

बर्डीवाला
यात मी सदरच्या बाजूनं. माझा दिवसच वाईट दिसतोय.

पोथीकिडा
सगळे ग्रीकमध्ये अडकलेत म्हणून घरचं उदाहरण. ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे 1290. एकनाथांनी शुद्ध केली शके 1506 ला, म्हणजे 1584. अंतर 294 वर्षं. मार्क साधारण 70 चा धरला तर सिनाई प्रतीपर्यंत जवळपास तेवढंच. एकनाथांनीही शेवटी बजावलं की यात पदरची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 22:18 मध्ये, हाच धाक आहे. लोक भर घालत होते म्हणूनच तर बजावावं लागलं ना?

फरक इतकाच की एकनाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, काय टाकलं, याची नोंद ठेवली नाही. ग्रीक चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी महत्त्वाचे पाठभेद दिसतात, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतासारखे. तिथे 1,259 हस्तलिखितं पाहून गणपतीनं महाभारत लिहून घेतल्याची कथा परिशिष्टात गेली.

महालकर
आता यात माउली कुठून आली? ज्ञानेश्वरी इतिहासाचा दावा करत नाही. ओवी इकडची तिकडे झाली तरी अद्वैत जागेवर राहतं. पौल मात्र 1 करिंथ 15:14 मध्ये स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. जोखीम त्यांनी घेतली, पोथी आमची कशाला सोलता? आणि ‘एकनाथांनी काय टाकलं’ म्हणजे काय? काही टाकलं याला पुरावा?

पोथीकिडा
1909 साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेली ज्ञानेश्वरी आणि एकनाथी प्रत शेजारी ठेवून एक अध्याय वाचा. शब्दरूपं बदलतात, ओव्या कमी-जास्त होतात.

महालकर
राजवाड्यांची प्रत एकनाथांच्या आधीची, हे म्हणतं कोण? राजवाडेच!

पोथीकिडा
बरोबर, म्हणूनच तोलायची रीत लागते. सरसकट ‘जुनी ती खरी’ चालत नाही. आधी बघायचं की प्रती एकाच घराण्यातल्या आहेत की स्वतंत्र. मग कोणत्या पाठावरून बाकीचे पाठ कसे निघाले ते सांगता येतं का. मार्क 1:2 घ्या. जुन्या प्रतींत ‘यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात’ आहे, पण पुढचं पहिलं वाक्य मलाखी या दुसऱ्याच संदेष्ट्याशी जुळतं. नंतरच्या लेखनिकांनी ‘संदेष्ट्यांच्या ग्रंथांत’ करून अडचण मिटवली. चूक दुरुस्त करायला सगळे धावतात, मुद्दाम चूक कोणी घालत नाही. म्हणून अवघड पाठ मूळचा. दोन ओळींचा शेवट सारखा असला की डोळा खालच्या ओळीवर उडी मारतो आणि मधलं गळतं. आपल्या पोथ्यांतही नेमकं हेच होतं.

महालकर
रीत कळली. राजवाड्यांचं उत्तर नाही मिळालं.

बर्डीवाला
मंडळी, धागा पैठणला गेला. परत बेथलेहेमला या. लूक 2:2 म्हणतो की कुरेनिय सूरियाचा सुभेदार असताना नावनिशी (शिरगणती) झाली. ज्यू इतिहासकार जोसीफसच्या हिशेबानं ती इ.स. 6 मधली. राजा हेरोद मेला ख्रिस्तपूर्व 4 मध्ये, आणि मत्तयात येशू हेरोदाच्या हयातीत जन्मतो. जवळपास दहा वर्षांचा खड्डा कसा भरणार?

मुक्काम सदर
काही जण तिथे ‘कुरेनियच्या आधीची’ नावनिशी असं भाषांतर करतात.

बर्डीवाला
तुम्हाला पटतं?

मुक्काम सदर
ग्रीक ओढून ताणून बसवावी लागते. घ्या, लूकचं साल चुकलं. पेढे वाटा. पण येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताला रोमन इतिहासकार टॅसिटस ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो आणि 1961 मध्ये कैसरियात सापडलेल्या दगडावर तो ‘प्रीफेक्ट’ आहे, म्हणजे हुद्दाच वेगळा. म्हणून टॅसिटस कोणी फेकून दिला नाही. लूकला मात्र एका सालासाठी फाशी!

बर्डीवाला
टॅसिटसनं हुद्दा चुकवला म्हणून कोणाच्या तारणाला धक्का लागत नाही. शिवाय इथे फक्त साल नाही, येशू बेथलेहेमला जन्मला ही गोष्टच त्या नावनिशीवर टांगलीय. लूकात कुटुंब नासरेथहून बेथलेहेमला जातं. मत्तयात ते बेथलेहेमातच एका घरात आहे आणि मिसरातून परतल्यावर नासरेथला वसतं.

आणि टॅसिटस काढलाच आहे तर तुमचा आवडता जोसीफसही काढा. त्याच्या इतिहासाच्या 18व्या पुस्तकातलं ‘हा ख्रिस्त होता’ हे वाक्य जसंच्या तसं त्याचं मानणारे आज थोडेच. तो येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असं तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिजेनच लिहितो. 20व्या पुस्तकात ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब’ येतो ते मात्र बऱ्यापैकी पक्कं. म्हणजे येशू होऊन गेला. त्यावर माझं भांडण नव्हतंच.

तर्रीबाज
निकायाचं मी मागे घेतो. पण मग चर्चमध्ये जाणाऱ्यानं काय करायचं? अर्धं मानायचं, अर्धं नाही?

मुक्काम सदर
पहिला कामाचा प्रश्न. 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्याच नागपुरातल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या (चर्चसंस्था) एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली. बाळाचा बाप्तिस्मा की जाणत्याचा, यावर त्यांचं जुळत नव्हतं. दोन्ही रीती ठेवल्या आणि भाकर एका मेजावर मोडली. चार शुभवर्तमानांचंही मंडळीनं तेच केलं. दुसऱ्या शतकात टाटियान या ख्रिस्ती लेखकानं चारांची मिळून एक सलग कथा केली होती, विसंगती गेल्या होत्या. सिरियात ती बराच काळ उपासनेत वाचत. शेवटी तिथेही चार वेगवेगळीच ठेवली. झाकायचं असतं तर एक पुरलं असतं.

बर्डीवाला
हे नीट उत्तर आहे. फक्त ते ‘इतिहास म्हणून खरं’ याचं नाही, ‘आम्ही यासोबत जगतो’ याचं आहे. पहिल्या पोस्टमध्ये एवढंच म्हटलं असतं तर मी इतकं टंकलं नसतं.

मुक्काम सदर
तुम्ही टंकलंच असतं.

महालकर
ते चालू द्या. @पोथीकिडा, राजवाड्यांची प्रत एकनाथांच्या आधीची कशावरून, हे तुमच्याच अवघड पाठाच्या नियमानं सिद्ध करा. बारावा अध्याय घ्या, लहान आहे. मी एकनाथी प्रत काढून बसलोय.