निऑन आणि कार्डिनल टेट्रा

निऑन आणि कार्डिनल टेट्रा ही टाकीत पाळल्या जाणाऱ्या एकाच शोभेच्या माशाची दोन बाजारी नावे आहेत, असा एक समज आहे. त्यात दुरुस्ती करावीशी वाटते. दोन्ही मासे पॅराकायरोडॉन या एकाच प्रजातीतले (genus) असले, तरी त्यांच्या जाती (species) वेगळ्या आहेत. निऑनचे शास्त्रीय वर्णन १९३६ साली झाले, कार्डिनलचे १९५६ साली. टाकीसमोर बसून पाहिल्यास निऑनचा लाल पट्टा अंगाच्या मध्यापासून मागे जाताना दिसतो, तर कार्डिनलचा थेट डोक्यामागून निघून शेपटीपर्यंत पोहोचतो. निळी रेघ मात्र रंगद्रव्याची नव्हेच: त्वचेतील पेशींत ग्वानिन या रंगहीन पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश निळा भासतो. रात्री ही रेघ जांभळट, फिकी पडते. अचानक दिवा लावणाऱ्या नवख्याला तो आजार वाटतो, पण थोड्या वेळात रंग परततो.

कार्डिनलचे मुख्य घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रो नदीचे खोरे, जिथे कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखे गडद, आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षारविरहित असते. ब्राझीलमधील बार्सेलोस परिसरातील अनेक कुटुंबे हे मासे पकडून पोट भरतात आणि त्यासाठी पूरक्षेत्रातील जंगल शाबूत राहणे त्यांच्या हिताचे असते. म्हणून नदीतून पकडलेला मासा घेणे सरसकट गैर आहे, हे मत मला पटत नाही. मात्र असा कार्डिनल बोअरवेलच्या जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यात एकदम सोडू नये. दुकानांतले निऑन बहुतेक मत्स्यशेतीत वाढवलेलेच असल्याने ते अशा पाण्याला तुलनेने लवकर सरावतात.