भावाला दिवसभर कडेवर घेऊन फिरणारी मुलगी : अहवालात 'दुर्लक्ष' लिहायचं का?

प्रश्न – वाडीवस्ती

रायगड-पालघरकडच्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांबद्दल विचारतोय. बालकल्याण समितीसाठी सामाजिक तपासणी अहवाल लिहिताना 'पालक कोण', 'देखरेख कोणाची' हे भरावं लागतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला सांभाळते, आईबाप कामावर, रात्री मुलं कधी आजीकडे तर कधी मावशीकडे. वाडीत याला कुणी वावगं म्हणत नाही. 'दुर्लक्ष' लिहिलं तर मुलं बालगृहात जातील, नाही लिहिलं आणि खरंच धोका असला तर? ठरवायचं कसं?

रानवाट

'पालक कोण' असं विचारूच नका. बापाचं नाव मिळतं आणि चौकशी तिथेच थांबते. विचारा : काल रात्री पोरगं कुठे निजलं? सकाळी खायला कुणी दिलं? ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? तीन प्रश्नांना तीन नावं आली म्हणून मूल वाऱ्यावर आहे असं होत नाही. आजी, मावशी, मामी मिळूनच तो सांभाळ असतो. प्रत्येकीचं नाव, नातं आणि तिचं घर किती पावलांवर आहे ते अहवालात लिहा. नुसतं 'नातेवाईक आहेत' लिहिलं तर समितीला त्यातून काहीच कळत नाही.

आता मुलगी. इथलं मूल शिकतं ते मोठ्यांच्या मागे मागे फिरून. ओहोळातला दगड हळूच उचलायचा, खेकडा पाठीकडून दोन बोटांत धरायचा म्हणजे नांगी बोटापर्यंत पोचत नाही, हे तिला कुणी बसवून शिकवलेलं नसतं. भावाला कडेवर घेणं त्याच शिकण्यातलं. तेवढ्यावरून निकाल देऊ नका. हाकेच्या अंतरावर मोठं माणूस असतं का, नसेल तर किती तास नसतं, चूल आणि पाणी किती जवळ, मुलीची शाळा बुडते का, हे पाहा. धाकट्याच्या दंडाचा घेर मोजा. 11.5 सेंमीपेक्षा कमी किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल तर ते अतितीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. 11.5 ते 12.5 मध्यम, तिथे अंगणवाडीचा आहार सुरू आहे का ते बघा.

आणि भेट संध्याकाळी, चुली पेटल्यावर. दुपारी वाडीत मोठी माणसं भेटतच नाहीत, मग 'घरी कुणी नव्हतं' अशी नोंद होते आणि ती कागदावर कायमची राहते.

भट्टीहिशेब

रानवाट यांच्याशी सहमत, पण एक धोका सांगतो. 'त्यांची पद्धतच आहे' हे वाक्य वीटभट्टीवर लावू नका. दिवाळीनंतर कुटुंबं उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन भट्टीवर जातात, मजुरी हजार विटांवर ठरते, आणि हजार लवकर भरावेत म्हणून पोरं कच्च्या विटा उलटतात. हे शिकणं नाही, हे कर्ज फेडणं आहे. घरच्या कामाला मदतीची कायद्यातली सवलत शाळेबाहेरच्या वेळेपुरती आणि धोका नसलेल्या कामापुरतीच आहे. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडू देत नसतील तर 1976 च्या वेठबिगार कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. फक्त मूल उचलून बालगृहात ठेवलं तर कुटुंब तिथेच अडकतं, आणि रोज बुडवून आईला सुनावणीला येता येत नाही.

दुभाषी म्हणून मुकादमाला किंवा भट्टीमालकाच्या माणसाला कधीही घेऊ नका. घरात काथोडी (कातकऱ्यांची बोली) बोलणारं मूल अनोळखी माणसाच्या मराठी प्रश्नांना गप्प राहतं, आणि अहवालात 'मंद' असा शेरा पडतो. हा शेरा पोराला पुढे वर्षानुवर्षं भोवतो. मोठ्या चुलत बहिणीला जवळ बसवा, हाताला काही काम द्या, मग बोलेल.

समितीकाम

अहवालाला 15 दिवस असतात. त्यातला एक दिवस नातेवाइकांच्या बैठकीसाठी राखा. न्यूझीलंडने माओरी मुलं सरकारी संस्थांत जाणं थांबावं म्हणून 1989 च्या कायद्यात कुटुंब-बैठक आणली. त्यातला एक भाग इथे सहज जमतो : माहिती सांगून झाली की अधिकारी बाहेर जातात आणि नातलग आपसांत ठरवतात. आपण तिथे बसून राहिलो तर सगळे आपल्याकडे बघत मान डोलावतात. पावसाळ्यात मूल कुणाकडे आणि भट्टीच्या महिन्यांत कुणाकडे, हे वेगवेगळं लिहून घ्या. भट्टीच्या महिन्यांत वाडीतच राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय, बरोबर जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून इथल्या शाळेने दिलेला कागद.

वाडीवस्ती

खूप मदत झाली. आणि वयाचं काय? घरचे 'भाताच्या लावणीत झाली' एवढंच सांगतात.

समितीकाम

तेही लिहून ठेवा, लावणी म्हणजे जून-जुलै. कायद्यात आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. दाखल्यावर 1 जून दिसला तर बहुतेक वेळा ती तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. अंगणवाडीची नोंदवही आणि लसीकरण कार्ड ताडून पाहा. जन्मनोंद राहिली असेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो अर्ज याच भेटीत भरून घ्या. नोव्हेंबरनंतर सही करायला वाडीत कुणी सापडत नाही.