मदत हवी आहे: तिसरी-चौथी एकत्र असताना घटक चाचणी कशी काढता?

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही दोघीच शिक्षिका. पहिली-दुसरी त्या बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. पट कमी म्हणजे काम कमी, असं पालकांनाही वाटतं. पण पाच मुलं असोत की पन्नास, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, सगळ्यांचे पेपर दोन्ही इयत्तांना वेगळे काढावे लागतात. त्यावर संविधान तक्ता (कोणत्या घटकावर किती गुणांचे प्रश्न, याचा आराखडा), तोंडी परीक्षेच्या नोंदी, निकालपत्रक. माध्यान्ह आहाराची वही आहेच. मतदार यादीचंही काम असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे निवडणुकीचं काम शिक्षकांना देता येतं, म्हणून त्यावर इथे चर्चा नको.

खरी अडचण पुढे आहे. परिसर अभ्यासाच्या पेपरात चौथीतल्या एका मुलाने पाण्याच्या वापरावरचा प्रश्न कोरा सोडला. शेजारी बसवून विचारलं, तर कुळागरात (पोफळींच्या बागेत) पाटाचं पाणी पोफळींना कसं सोडतात, एक आळं भरलं की माती ओढून पुढच्याकडे कसं वळवतात, सगळं कोकणीतून घडाघडा सांगितलं. हातवारे करून! त्याला येतं, याबद्दल मला जराही शंका नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये आकलनाचं सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितलंय, तेव्हा असं तोंडी उत्तर धरलंच पाहिजे, असं माझं मत. पण एकेकाला असं जवळ घेऊन बसले, तर तोवर दुसऱ्या वर्गाला काय काम देऊ? स्वाध्याय दिला की दहा मिनिटांत "बाई, झालं" सुरू होतं.

दोन्ही वर्गांना एकच घटक धरून एकच पेपर काढावा, असं डोक्यात आहे. म्हणजे गणितात वाळपईच्या बाजारातलं भाजीचं एक दरपत्रक द्यायचं, त्यावर तिसरीला बेरीज-वजाबाकी, चौथीला गुणाकार-भागाकार. असं कोणी केलंय का? संविधान तक्ता मग एकच ठेवलात की दोन? भागशिक्षणाधिकारी तपासणीला आले तेव्हा ते मान्य झालं का?

तोंडी उत्तराची नोंद कशी ठेवता, तेही सांगा. वहीत दोन ओळी लिहिता की अध्ययन निष्पत्तीसमोर (मुलाला काय यायला हवं, त्या मुद्द्यासमोर) नुसती खूण करता? शिक्षकाला खरोखर उपयोगी पडेल असा नमुना कुणाकडे असेल तर त्याचा फोटो इथे टाका, हाताने लिहिलेला असला तरी चालेल. गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी चाचणी घ्यायची आहे.