मॉडेल विमानाचं जुनं पायलॉन रेसिंगचं (खांबांना वळसे घालायची शर्यत) ग्लो इंजिन (तापलेल्या ग्लो प्लगवर चालणारं) घेतो आहे, काय काय पाहू?

दारव्हा_उडाण:
राम राम मंडळी. नागपुरात एकाकडे ६.५ सीसीचं जुनं रेसिंग इंजिन आहे, एबीसी आहे म्हणते. बाहेरून सगळीकडे तपकिरी चिकट थर बसलाय. काल दुपारी हाताने फिरवून पाहिलं तर पिस्टन अगदी वर गेल्यावर आवळते. गावातला मोटारसायकलवाला मेकॅनिक म्हणे घेऊन या, लायनरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) होनिंग मारून, म्हणजे आतून घासून, मोकळं करून देतो. घेऊ का सोडू?

जुना_ग्लोवाला:
भाऊ होनिंग अजिबात नको, इंजिन कायमचं जाईल. एबीसी म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेचा लायनर अन् त्याला आतून क्रोम, रिंग नसतेच. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता ठेवलेला असते म्हणून थंड असताना पिस्टन तिथे आवळते, चालू होऊन गरम झालं की पितळ जास्त फुगते अन् बरोबर जागा होते. म्हणून हे आवळणं पाहिजेच. थंड इंजिन वरून सुळकन निघून गेलं तर समजा लायनर-पिस्टन झिजले, अन् जुन्या रेसिंग इंजिनाचा तो सेट मिळणं लय कठीण.
फक्त एक पाहा, जड नेमकं वरच लागते का पूर्ण फेऱ्यात लागते? पूर्ण फेऱ्यात असेल तर ते इंधनातलं वाळलेलं एरंडेल तेल आहे. हीट गनने गरम करा, सैल होते. पक्कडीने पंखा (प्रोपेलर) पिळू नका, कॉनरॉड (पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारा रॉड) वाकते. आणि विकणाऱ्याने आत जाड तेल सोडलं असेल तर कॉम्प्रेशन खोटं दिसते, धुऊन पातळ तेलाचा एक थेंब टाकून परत पाहा.

कपाशी_पायलट:
वरचं बरोबर आहे, पण दुपारी पाहू नका ना! मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत ते इंजिन थंड कुठून असणार, आवळणं कमी लागते. पहाटे पाहा. मग एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा. पिस्टनवर तपकिरी डाग असले तर चालते, उभे ओरखडे दिसले तर धूळ गेली आत. माझं विमान एकदा शेतात पडलं होतं, कार्ब्युरेटरच्या तोंडात काळी माती, अन् मी न धुता पंखा फिरवला, एका फेऱ्यात पिस्टन खरवडलं. अजून वाईट वाटते.
बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण) उघडायला लावाच. रॉडचं खालचं टोक बोटाने वर-खाली हलवा, कट-कट नको. मागच्या बेअरिंगवर गंज पाहा, इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढते, तेल न टाकता ठेवलं की बेअरिंग आधी जाते. स्क्रूची डोकी झिजलेली असली तर कोणीतरी उघडून बसलंय.

दारव्हा_उडाण:
आज सकाळी सहाला गेलो. फेऱ्यात मोकळं, नेमकं वर आवळते, कालच्यापेक्षा जास्तच. ओरखडे नाही. रॉड ठीक. पण पंखा हळू फिरवला की मागून खरखर लागते, बेअरिंगच्या गोळ्यांवर तांबूस ठिपके आहेत.

जुना_ग्लोवाला:
घेऊन टाका, बेअरिंगचे पैसे कमी करून मागा. साइज मोजून नागपुरात बेअरिंगच्या दुकानात मिळते. बदलताना ठोकू नका, सगळं खोलून इंजिनाची रिकामी केस (बाहेरचं धातूचं कवच) ओव्हनमध्ये १५० डिग्रीपर्यंत तापवा अन् लाकडावर आपटा, बेअरिंग आपोआप खाली पडते.